हाफ क्लच येतो ना? मग लाँचही जमेल

उभी गाडी झटकन काढायची, म्हणजे लाँचची, सगळी कला डाव्या पायात असते. मला हे कळायला दोन सीझन लागले आणि एक क्लचप्लेट जाता जाता वाचली, म्हणून म्हटलं लिहून टाकू. माझ्याकडे टोयोटाची जीआर८६ आहे, मॅन्युअल, सहा गिअर, मागची चाकं ओढणारी. राहतो न्यू जर्सीत एडिसनला आणि एप्रिल ते ऑक्टोबर जमेल तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या मेपल ग्रोव्हला नाहीतर इथल्याच ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला जातो, दोन्ही ड्रॅग रेसिंगचे ट्रॅक, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ पाव मैल कोण आधी जातो ते. पूर्वी एवढी पायपीट नव्हती, इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण २०१८ च्या सुरुवातीला तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं, मग खाली दक्षिणेला ॲटको होतं तेही २०२३ ला गेलं, आता जायचं म्हणजे पहाटे उठून डबा बांधून जायचं.

जे काही सांगतोय ते फक्त अशा ट्रॅकसाठी. ओक ट्री रोडच्या सिग्नलला शेजारी कोणी रेस देत उभा राहिला की पाय शिवशिवतो, माहितीये मला, पण तिथे कधी कोण बाबागाडी घेऊन मध्ये येईल सांगता येत नाही. आणि पहिल्या वीस-पंचवीस लाँचमध्ये गाडी आडवी जाते म्हणजे जातेच. भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणं सरळ गुन्हा आहे. विषय संपला.

तर डाव्या पायाबद्दल. मी गाडी शिकलो पुण्यात, बाबांच्या मारुती ८०० वर, आणि कात्रजच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं की बाबा मुद्दाम मला ड्रायव्हिंग सीटवर बसवायचे. "अरे मागे ट्रक उभाय, गाडी एक इंचही मागं जाता कामा नये, हाफ क्लचवर धर आणि मग हँडब्रेक सोड." आणि पुढच्याच श्वासात "फार वेळ धरू नकोस, प्लेट जाईल!" लाँच म्हणजे हेच, तेवढंच, फक्त आठशे आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जागी चार हजार आरपीएमवर. ज्याला चढावर गाडी न घसरू देता काढता येते त्याला अर्धं काम आधीच येतंय, उरलेलं अर्धं म्हणजे बाबांचं दुसरं वाक्य नेमकं किती वेळ धाब्यावर बसवायचं ते.

आता थोडं गणित, कंटाळू नका, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. जीआर८६ चं इंजिन २.४ लिटरचं, २२८ हॉर्सपॉवर आणि ३,७०० आरपीएमला २४९ न्यूटन मीटर टॉर्क. पहिला गिअर ३.६२६ आणि मागच्या डिफरन्शिअलचा रेशो ४.१, म्हणजे चाकापर्यंत पोचेपर्यंत टॉर्क जवळजवळ पंधरा पट होतो. ढोबळ हिशोबाने टायर रस्त्याला जो ढकलतो तो जोर हजार किलोच्या वर जातो. आणि टायर किती झेलू शकतो? गाडी माणसासकट साधारण १,३६५ किलो, त्यातलं ४७ टक्के मागच्या चाकांवर म्हणजे ६४० किलो, गाडीने जोरात उडी घेतली की पुढचं वजन मागे सरकतं, त्याचे अजून १४० धरा. झाले ७८०. चांगल्या उबदार टायरने कोरड्या रस्त्यावर त्याच्या अंगावर जेवढं वजन आहे साधारण तेवढाच जोर धरला तर ७८० किलो. इंजिन हजार द्यायला तयार आणि टायरची कुवत ७८०. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर ही तशीही उधळपट्टीच आहे, पॉवर कमी पडतेय हा सगळ्यांचा गैरसमज. पॉवर कमी पडते ती सेकंड गिअरपासून पुढे, तिथे खुशाल पाय गाडा.

दुसरी गोष्ट, आणि मला तरी ही जास्त महत्त्वाची वाटते. साडेचार हजार आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये ही गाडी तशी ताशी ३६ किलोमीटरच्या स्पीडने पळत असायला हवी. पण ती तर उभी आहे, शून्यावर. मग शून्य आणि ३६ मधला हा फरक कोणीतरी खायला पाहिजे ना? खाणारे तिघंच आहेत. टायरने खाल्ला तर तो जागच्या जागी फिरतो, धूर निघतो, बघणारे टाळ्या वाजवतात आणि तुम्ही हरता. इंजिनाने खाल्ला तर आरपीएम धपकन खाली येतो, गाडी मान टाकते आणि पुन्हा आरपीएम चढेपर्यंत शेजारचा निघून जातो. आणि क्लचने खाल्ला, म्हणजे एक ते दीड सेकंद प्लेट घासत घासत गाडीचा स्पीड वर आणि इंजिनाचा आरपीएम थोडा खाली असं करत दोघांना एकमेकांना भेटवलं, तर ते चांगलं लाँच. क्लचला थोडं खाऊ घाला, टायरला अगदी चिमूटभर द्या, इंजिनाला उपाशी ठेवा.

चिमूटभर टायरला का, तर रबर पूर्ण चिकटून असताना सगळ्यात जास्त पकड देत नाही, थोडंसं घसरत असताना देतं, रस्त्यापेक्षा चाक दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असेल तिथे कुठेतरी. कानाला ते कळतं. टायर हलकं गुरगुरतात, "घर्रर्र" असं. किंचाळायला लागले की तुम्ही पुढे गेलात, एकदम गप्प असतील तर अजून वाव आहे.

आता तयारी. टायर आधी. माझ्यावर मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ आहेत, २१५/४० आर१८, ज्यांच्याकडे १७ इंची चाकांवर प्रायमसी आहेत त्यांनी मनाची तयारी ठेवा, ते टायर मुळातच कमी पकडीचे आहेत, त्यांना लाँच आरपीएम पाचशेने तरी कमी लागतो. मागच्या टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय कमी करतो, पुढच्या टायरना हात लावत नाही. काही लोक वीसपर्यंत खाली जातात, साध्या रस्त्याच्या टायरला त्याचा काही उपयोग होत नाही, उलट मधला भाग आत जातो आणि शंभरच्या पुढे गाडी मागून डुलायला लागते. डिकी रिकामी करा, बायको म्हणाली तुझ्या डिकीत अर्धं पटेल ब्रदर्स (इथलं देशी किराणा दुकान) आहे, आणि खरंच दहा किलोची तांदळाची पिशवी दोन आठवडे तशीच होती.

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही गरम हवेत. ८६ चा सेकंड गिअर थंड असताना किती हट्टीपणा करतो हे ज्याच्याकडे आहे त्याला विचारा, इंजिनाचा काटा मधोमध आला म्हणजे गिअरबॉक्सचं तेल गरम झालं असं नसतं, त्याला जास्त वेळ लागतो. घरून ट्रॅकपर्यंतचा दोन तासांचा रस्ता पुरतो, पण रांगेत तासभर उभं राहून परत थंड होतं तेव्हा लाइनवर जायच्या आधी जागेवरच दोन-चार वेळा सेकंड-थर्ड फिरवून बघतो.

आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरलं की आपणहून पॉवर कमी करणारी यंत्रणा, बंद! माझ्या पहिल्या रात्रीची मोठी चूक हीच. मी बटण एकदा टुककन दाबलं, दिवा लागला, झालं वाटलं. एकदा दाबल्यावर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, स्टॅबिलिटी कंट्रोल जागं राहतं आणि गाडी जरा तिरकी झाली की तेच मध्ये हात घालतं. पूर्ण बंद करायला गाडी उभी असताना बटण तीन-एक सेकंद दाबून धरावं लागतं आणि दोन्ही दिवे लागलेले बघावे लागतात. मात्र ज्यांनी अजून मागच्या चाकांची गाडी आडवी गेलेली एकदाही सावरली नाहीये त्यांनी पहिल्या दिवशी स्टॅबिलिटी चालू ठेवूनच करावं असं माझं मत आहे, टाइम बेकार येईल पण भिंत लांब राहील.

सीट एक-दोन खटके पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. आपण रोजच्या गाडीत अख्खा पाय उचलून क्लच सोडतो, इथे टाच खाली टेकवून नुसत्या घोट्याने सोडायची सवय करा, मिलिमीटरचा खेळ आहे आणि मांडीचा स्नायू त्यासाठी फार धसमुसळा. पातळ तळव्याचे बूट घाला. ट्रॅकवर चपला घालून येऊच देत नाहीत, ते वेगळं.

बाइट पॉइंट, म्हणजे प्लेट जिथे पहिल्यांदा पकडते ती जागा, ही झोपेतसुद्धा सापडली पाहिजे. त्यासाठी मोकळ्या सपाट जागेत जा, ॲक्सिलरेटरला अजिबात पाय लावू नका, फर्स्ट टाका आणि नुसत्या क्लचवर गाडी इतकी हळू काढा की शेजारी बसलेल्याला कधी निघाली ते कळू नये. आणि परत थांबा. वीस वेळा. मग हजार-बाराशे आरपीएमवर तेच, मग दोन हजारवर. दोन हजारवर काटा जिथे आहे तिथेच स्थिर ठेवून गाडी सरकवता आली की तुमचे दोन्ही पाय एकमेकांशी बोलायला लागले. घाई करू नका, मी दोन रविवार यात घालवले आणि नंतर वाटलं चार घालवायला हवे होते. मध्ये मध्ये थांबून वास घ्या, जळक्या कागदासारखा उग्र वास आला की त्या दिवसाचं दुकान बंद, गाडी नुसती फिरवून हवा खाऊ द्या.

ट्रॅकवर पोचल्यावर. लाइनच्या आधी पाण्याचा पट्टा असतो, मोठ्या स्लिक (बिननक्षीच्या) टायरवाल्यांना बर्नआउटसाठी, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवायला. तुमचे टायर नक्षीवाले असतील तर त्यातून जाऊ नका, बाजूने जा! नक्षीत पाणी भरतं, चाकावरच्या पत्र्यातून टपटप गळतं आणि नेमकं लाइनवर तुमच्याच मागच्या टायरपुढे थेंब पडतात. वर जीआर८६ चं डिफरन्शिअल टॉर्सेन प्रकारचं आहे, दोन्ही चाकांना थोडीफार पकड असेल तोवर हुशारीने वाटणी करतं, पण एक चाक पार निसरड्यावर गेलं की त्याचा हुशारपणा संपतो, ते एकच चाक भिरभिरतं. म्हणून बाजूने जायचं, मग पाण्याच्या पुढे कोरड्या जागेवर एकदा टायर चिरकवून खडे-धूळ झटकायची, बास. हँडब्रेक ओढून बर्नआउट करायला गेलेला एक जण मी बघितलाय, अहो हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो.

लाइनवर दोन किरण असतात, पुढचं चाक पहिला किरण तोडतं तेव्हा वरचा दिवा लागतो, दुसरा तोडला की स्टेजचा. स्टेजचा दिवा जेमतेम लागला की तिथेच थांबा. का ते सांगतो. तुमचा टाइम हिरव्या दिव्यापासून सुरू होत नाही, चाक त्या दुसऱ्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतो, म्हणजे तोपर्यंतचे काही इंच फुकटचे, गाडी चालायला लागलेली असते आणि घड्याळ अजून झोपलेलं. अमेरिकन मासिकं शून्य ते साठ मोजताना असाच पहिला एक फूट सोडून देतात, त्यातच जवळजवळ पाव-एक सेकंद वाचतो, त्यामुळे तुमच्या ड्रॅगीसारख्या जीपीएसच्या डबीवरचा आकडा आणि मासिकातला आकडा जुळला नाही तर आधी ते सेटिंग बघा, मग स्वतःला शिव्या घाला.

स्टेज झाल्यावर क्लच तळापर्यंत दाबून ठेवू नका. बाइट पॉइंटच्या जरासा खाली, एवढाच. तळापासून येताना पायाला निम्मा प्रवास फुकट होतो आणि तेवढ्यात क्लच सोडायच्या वेगावरचा ताबा सुटतो. पण आधी खात्री करा की तिथे चाकांना काही पोचत नाहीये, नाहीतर गाडी हळूच पुढे सरकून लाल दिवा, म्हणजे फाउल. स्टिअरिंग सरळ. थोडा उतार वाटला तर हँडब्रेक एक-दोन खटके, अगदी घाटातल्यासारखा.

आरपीएम ३,५०० ला स्थिर. सुरुवात इथून करा, साडेचार हजारवर नको. हलता काटा नको, वर-खाली रेस देणारे लोक फक्त आवाज करतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागत खाली येतात, तिसरा पिवळा दिसला की निघायचं, हिरव्याची वाट बघितली तर उशीर झाला. आणि आता तो एक-दीड सेकंद.

क्लच झटकन बाइटपर्यंत आणा, आणि तिथे थांबा. थांबा म्हणजे पाय गोठवा, टाच जमिनीला. गाडी उचलेल, नाक वर येईल, मागचा भाग बसेल. तो बसण्याचा क्षण महत्त्वाचा, वजन मागे गेल्याशिवाय टायर जोर झेलत नाही, त्यामुळे अख्खा टॉर्क पहिल्या क्षणी फेकला तर तो टायर अजून हलका असताना येतो. बसली की उजवा पाय वाढवत न्यायचा, डावा हळूहळू वर, काटा साडेतीन-चारच्या आसपास थबकलेला दिसला पाहिजे, खाली पडायला लागला तर डावा पाय कणभर परत दाबा, वर पळायला लागला तर डावा अजून थोडा सोडा. स्पीड पंचवीस-तीसच्या घरात आला की क्लचला खायला काही उरत नाही, तेव्हा तो पूर्ण सोडा, पाय बाजूला घ्या, आणि आता उजवा पाय टायर झेलतील तेवढा वाढवा. लिहायला अर्धं पान लागलं, प्रत्यक्षात "एक हजार एक" म्हणेपर्यंत होतं.

क्लच एकदम सोडून देणारी शाळा पण आहे. क्लचवरून पाय काढायचा, धाडकन. त्यात काय होतं की फ्लायव्हीलमध्ये (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) साठलेली सगळी ताकद एका झटक्यात गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शिअल, ॲक्सल यांच्यावर हाणली जाते, इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कितीतरी जास्त. टायर लगेच सुटला तर तो फ्यूजसारखं काम करतो, बाकीचं वाचतं. पण ट्रॅकवर चिकट द्रव मारलेला असतो, टायर सुटत नाही, मग दुसरंच काहीतरी सुटतं. मी नाही करत, माझी गाडी सोमवारी मला ऑफिसला पण नेते.

चुका दोनच प्रकारच्या होतात. पहिली, गाडीने मान टाकली, काटा दोन हजारच्या खाली गेला. अशा वेळी ॲक्सिलरेटर अजून दाबून काही होत नाही, तो आधीच दाबलेला असतो. क्लचला एक टिचकी द्या, अर्धवट दाबून लगेच परत, काटा उसळतो आणि गाडी चालायला लागते. दुसरी, टायर सुटले. इथे सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया उजवा पाय पूर्ण काढायची असते आणि तीच घातक, वजन भसकन पुढे येतं, मागचं हलकं होतं, वर तिरकी असेल तर अजून तिरकी होते. थोडासाच काढा, कमी करा, टायर परत पकडतो तो गचका कंबरेला जाणवतो, मग परत द्या. मागून धडधडधड असा हादरा यायला लागला, म्हणजे टायर पकड-सोड पकड-सोड करत उड्या मारायला लागला, तर मात्र तो रन सोडून द्या, लगेच, त्या हादऱ्यात ॲक्सल तुटतात. गाडी थोडी बाजूला गेली तर स्टिअरिंग बोटभर उलटं, नजर लांब शेवटाकडे. बॉनेटकडे बघणारा बॉनेट जिकडे जातं तिकडेच जातो.

फर्स्ट ७,५०० ला ६० च्या जरा अलीकडे संपतो. काटा डोळ्यापेक्षा आणि डोळा हातापेक्षा पुढे असतो, म्हणून सात हजार दोनशेलाच हात हलवा, डॅशवरचा शिफ्टचा दिवा त्याच्याही खाली लावून ठेवा. उजवा पाय वर आणि डावा खाली एकाच ठोक्यात, गिअर सरळ खाली ओढा, मूठ आवळून नाही, दोन बोटांनी आणि तळव्याने. पाय न काढता गिअर टाकणारे आहेत, त्यांच्या सिंक्रोचं (गिअर जुळवून घेणारी रिंग) श्राद्ध लवकरच असतं. सेकंडला टायर परत थोडे चिरकतील, चालू द्या.

सेकंडमध्ये एक गंमत आहे. ७,५०० ला सेकंड जिथे संपतो तो स्पीड माझ्या हिशोबाने ९९ किलोमीटर येतो. मैलात ६१ च्या वर. म्हणजे अमेरिकेतला शून्य ते साठ मैल सेकंडमध्येच उरकतो आणि युरोपातला शून्य ते शंभर किलोमीटर मात्र एका किलोमीटरसाठी थर्ड मागतो! टोयोटाचे स्वतःचे आकडे बघा, अमेरिकेत साठ मैलाला ६.१ सेकंद, युरोपात शंभरला ६.३. तर थर्ड. सेकंडमधून थर्ड टाकताना उघड्या तळव्याने वर ढकला, मधल्या जागेत लिव्हर स्वतःच स्प्रिंगने बरोबर येतो, तुम्ही फक्त वाटेत येऊ नका. घाबरून मुठीत धरून डावीकडे ओढलात आणि चुकून फर्स्ट पडला तर ९९ च्या स्पीडला इंजिन १२,४०० आरपीएमवर फिरवायला बघाल. याला इथे मनी शिफ्ट म्हणतात, का ते बिल आल्यावर कळतं.

शेवटी हातात कागद मिळतो. लोक खाली बघतात, पाव मैलाचा टाइम काय. तुम्ही वर बघा, साठ फुटांचा आकडा, म्हणजे पहिल्या अठरा मीटरचा, लाँचचं प्रगतिपुस्तक तेच. माझ्या पहिल्या रात्री २.६ होता आणि पाव मैल १५.१, शेजारच्या लेनमध्ये एक काका मिनीव्हॅन घेऊन आले होते, मागे मुलांच्या कार सीट लावलेल्या, ते पहिल्या शंभर फुटांत माझ्या पुढे होते आणि मला अजून ते स्वप्नात दिसतात. गेल्या सप्टेंबरला २.१५ आला आणि पाव मैल १४.३. शेवटचा स्पीड मात्र दोन्ही कागदांवर जवळजवळ तोच, कारण तो इंजिन ठरवतं आणि इंजिन तेच आहे. टाइममधला फरक मुख्यतः पहिल्या अठरा मीटरमध्ये कमावलेला. दर रनला एकच गोष्ट बदला, आरपीएम नाहीतर हवा, आणि कागदाच्या मागे लिहून ठेवा. ३,५०० वर टायर गप्प असतील तर ३,८०० करा, मग चार हजार. माझं उत्तर मेपल ग्रोव्हला संध्याकाळी ४,२०० च्या आसपास निघालं, भर उन्हात काळा रस्ता तापून तेलकट होतो तेव्हा पुन्हा खाली यावं लागतं. १३.९९ किंवा त्याखाली टाइम आला तर एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमाने हेल्मेट लागतं, तेव्हा एक गाडीत असू द्या, आशा असावी माणसाला.

दोन रनमध्ये वीस मिनिटं तरी. क्लच हवेने गार होतो आणि ती हवा त्या डब्यात फार जात नाही. एका रात्रीत मी सहाच्या पुढे जात नाही.

गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतात, पायाचं काम तेच. जुनी ८६, दोन लिटरची, तिला साडेतीन ते साडेचार हजारमध्ये टॉर्कचा खड्डा आहे, त्यात काटा अडकला की मेलात, तिला थोडं वरूनच काढावं लागतं. होंडाची एस२०००, ती नऊ हजारपर्यंत फिरणारी पहिली, खाली तिच्यात काही जीवच नाही, तिला पाच-सहा हजारवर धरायची हिंमत आणि क्लचचे पैसे दोन्ही लागतात. माझदाची मिआटा हलकी आणि गुणी, शिकायला हीच उत्तम. याच्या उलट मस्टँग जीटी किंवा बीएमडब्ल्यू एम२, तिथे टॉर्क इतका आहे की दोन हजारच्या आसपासच काढायची आणि फर्स्टमध्ये उजवा पाय अर्ध्याच्या वर न्यायचाच नाही. बऱ्याच जुन्या बीएमडब्ल्यूंमध्ये क्लचच्या लाइनमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तुम्ही पाय कितीही पटकन सोडा, क्लच त्याच्या मर्जीने हळू पकडतो, डोकं खाजवत बसू नका, तो व्हॉल्व्ह लोक काढून टाकतात. एम२ मॅन्युअलमध्ये भारतातही मिळते २०२३ पासून, आणि लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग स्पर्धा होते तिथे अशा गाड्या दिसतात. धावपट्टी म्हणजे चिकट द्रव मारलेला खास ड्रॅग ट्रॅक नव्हे, त्यामुळे आरपीएम अजून खालूनच सुरू करा.

हां, आणि घरी निघायच्या आधी मागच्या टायरमध्ये हवा परत भरा. मी एकदा विसरलो, रात्री अकरा वाजता आय-७८ हायवेवर सत्तर मैलांच्या स्पीडला गाडी बोटीसारखी डुलायला लागली, मला वाटलं ॲक्सल गेला, बाजूला घेऊन अर्धा तास टॉर्च मारून खाली बघत होतो आणि बाबांना पुण्यात फोन लावला, तिकडे सकाळचे साडेआठ-नऊ झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हवा बघितलीस का?"